मागणी नाही

सोमवार, ३ जून

मला रोजनिशी लिहायची सवय नाही. आज लिहायला बसले त्याचं कारण सरळ आहे. पहिल्याच दिवशी तीन जणांनी मला ऐकवलं, की माझ्या आधीच्या बाई काहीही लिहून ठेवत नसत, त्यांच्या सगळं लक्षात राहायचं. तिसऱ्यांदा ऐकलं आणि येताना वही घेऊन आले.

एरवी दिवस छान गेला. रुग्णालय मोठं आहे आणि मुख्य म्हणजे स्वच्छ आहे. राहायला आवारातच दोन खोल्या दिल्या आहेत. पाण्याला जोर आहे, खिडक्या नीट लागतात. धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, अक्का, या वयात लोक निवृत्त होतात आणि तू रुजू होतेस. मी म्हटलं, निवृत्त व्हायला आधी दमावं लागतं.

बॅकअप विभाग तळमजल्यावर आहे. मोठ्या काचेपलीकडे थंड खोलीत यंत्रांची कपाटं, अलीकडे दोन टेबलं. मोठं माझं, दुसरं ऑपरेटरचं. तो तिशीचा आहे, कामाला चांगला आहे, पण काहीही सांगितलं की 'बघतो, बघतो' म्हणतो, म्हणून त्याचं नावच बघतो पडलंय. मला तो मॅडम म्हणतो. आधीच्या बाईंना ताई म्हणायचा. सगळेच म्हणायचे, स्वतः अधीक्षकसुद्धा. त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या, याच खुर्चीत बसल्या बसल्या, चहा यायच्या आधी. खुर्चीवर त्यांची निळी उशी अजून आहे. वाईट वाटलं. उशी उद्या कपाटात ठेवीन.

बुधवार, ५ जून

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे माझ्याच डोक्यात पक्कं बसेल. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, कुणाला कोणतं औषध चालत नाही, अशा रुग्णालयातल्या प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत आमच्याकडे असते. वर काही कोसळलं की ती परत आणून द्यायची. पण सगळं एकदम येत नाही. मग आधी काय आणायचं? ते 'अंदाज' ठरवतो. अंदाज हा एक प्रोग्रॅम आहे. कोण, केव्हा, काय उघडतं हे तो सतत पाहतो आणि उद्या कशाची मागणी येणार ते आजच सांगतो. आठवड्याच्या सुरुवातीला हाडांच्या विभागाचे एक्स-रे, दुपारी लहान मुलांच्या लसींच्या नोंदी, असं. ज्याला मागणी, ते वर, हाताशी. ज्याला कुणी विचारत नाही, त्यावर 'मागणी नाही' असा शेरा पडतो आणि ते सगळ्यांत खाली, कपाटातल्या टेपवर जाऊन पडतं. तिथून परत यायचं म्हणजे फार वेळ लागतो.

आज हृदयविभागाची डिस्क बंद पडली. तिथले मोठे डॉक्टर फोनवर ओरडत होते, आणि त्यांचं ओरडून होण्याच्या आत रिपोर्ट त्यांच्यासमोर होते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले तेव्हा आम्ही कागदावर अंदाज काढायचो आणि ते सपशेल चुकायचे. हा चुकत नाही. मला मनापासून आनंद झाला.

मग बघतो म्हणाला, ताईंनी शिकवलंय मॅडम त्याला, बोट धरून. डॉक्टर मुद्दाम खाली आले आणि दारातूनच म्हणाले, 'वा! ताईंची कमाल आहे.' मी समोर उभी होते. बटण मी दाबलं होतं.

सोमवार, १० जून

आज ताईंची फाइल उघडली. कर्मचाऱ्यांच्या फायलीही आमच्याकडेच असतात, त्यामुळे यात गैर काही नाही. कोणाच्या जागेवर आपण आलो ते माहीत असावं.

फोटो साधा आहे. हसताना पुढच्या दातांत फट दिसते. शिक्षण माझ्यापेक्षा कमी. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

फायलीत सरावाची पद्धत सापडली, तीही त्यांचीच. दर काही महिन्यांनी सरावाचं यंत्र पूर्ण रिकामं करायचं, सगळं गेलं असं समजायचं, आणि अंदाजाच्या क्रमाने एकेक परत आणायचं. ऑपरेटरने परत आलेल्या फायलीचं नाव मोठ्याने वाचायचं आणि ज्याची ती असेल त्याने 'आहे' म्हणायचं. शाळेतल्या हजेरीसारखं. आमचं नाव शेवटी आलं तरी ताई सगळ्यांत मोठ्याने ओरडायच्या, असं बघतो सांगतो. सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, टेपचं कपाट पुसायचं राहिलंय.

गुरुवार, १३ जून

चहावाल्या मावशींनी माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला. मला दोन चमचे लागतात, दहा दिवस तसाच गोड येत होता. मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, अगं बाई, ताईंचा हात लागला बघा, ताई बिनसाखरेचा प्यायच्या ना. मी हसून घेतलं. बघतो जरा जास्तच हसला.

पुन्हा त्यांची फाइल पाहिली. त्यांना मिळालेली प्रशस्तिपत्रं मोजली नाहीत. पुष्कळ आहेत.

मंगळवार, १८ जून

सकाळी अंदाजाची यादी पाहिली. आज काय मागितलं जाईल, त्यात अगदी वर ताईंची फाइल. एक्स-रेच्याही वर. मेलेल्या बाईची फाइल रुग्णालयाला कशाला हवी?

बघतोला फैलावर घेतलं. कामाच्या वेळात जुन्या आठवणी काढत बसायचं नाही, म्हटलं. त्याने कानाला हात लावला, शपथ घेतली की त्याने ती एकदाही उघडलेली नाही. कोणत्या टेबलावरून उघडली ते आम्ही पाहिलं. प्रत्येक वेळी माझ्याच टेबलावरून.

  इतक्यांदा मी उघडली होती? पाहिली असेल चारदोनदा.

उशी परत खुर्चीवर होती. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

शनिवार, २२ जून

उशी तिसऱ्यांदा परत. उचलली तर ऊबदार. मघापर्यंत कुणी बसलेलं असावं तशी. खोलीला निलगिरीच्या तेलाचा वास येतोय; ताई तेच लावायच्या, असं मावशी म्हणाल्या होत्या. मला विचाराल तर हा बघतोचा चावटपणा. त्याला स्पष्ट सांगितलं. तो दुखावला, म्हणाला, 'मॅडम, तुम्ही आल्यापासून ताईंचं नाव माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घेता.'

उद्धट. पण त्यानंतर त्याने भीत भीत स्क्रीन दाखवला. ताईंच्या फायलीत कालची हजेरी लागली आहे. आजचीही.

मंगळवार, २५ जून

माझ्या कार्डाने दार उघडेना. माझी फाइल टेपवर गेली आहे. शेरा: मागणी नाही.

माझी! मी रोज इथे बसते, रोज काम करते, आणि कुणी एकदाही मला विचारलं नाही? बघतोने ती परत मागवली. वेळ लागेल म्हणाला. दार त्यानेच उघडलं आणि मी आत जाताना वाट सोडून बाजूला झाला. माझ्यासाठी नाही. माझ्यानंतर अजून कुणीतरी आत जाईल म्हणून तो दार धरून उभा राहिला. आणि मगच त्याने ते लावलं.

विचारलं तर म्हणतो, सवय आहे मॅडम.

गुरुवार, २७ जून

बहिणीला फोन केला. 'कोण बोलतंय?' म्हणाली. मी म्हटलं, अक्का. गप्प झाली. मग हसली, हो गं, आवाज वेगळा लागला म्हणाली. पण त्या गप्प राहण्यात ती मला शोधत होती. खूप खाली कुठेतरी शोधत होती.

ठरलं. ताईंची फाइल पुसून टाकायची, सगळीकडून. उद्या सराव लावला आहे. सराव झाला की अंदाज नव्याने शिकेल. आज दुपारभर तेच केलं. प्रत्येक कपाटात, प्रत्येक टेपवर तिचं नाव टाकून शोधलं, सापडलं तिथे पुसलं, खरंच पुसलं गेलं का ते बघायला पुन्हा शोधलं. आता कुठेही नाही. मला हलकं वाटतंय. लाज वाटायला हवी होती.

शुक्रवार, २८ जून

सराव दुपारी झाला. लख्ख उजेड होता. विभागांची माणसं भिंतीला लागून उभी होती. अधीक्षकही आले होते. यंत्र रिकामं केलं. मी काचेकडे तोंड करून उभी राहिले.

पहिली फाइल आली. बघतोने नाव वाचलं.  ताईंचं.

आणि माझ्या मागून, माझ्या खुर्चीतून, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, 'आहे.'

कुणी किंचाळलं नाही. हेच मला — कुणीच किंचाळलं नाही. मावशी हसल्या. अधीक्षक म्हणाले, 'चला, ताई असल्या की काळजी नाही.' बघतो पुढचं नाव वाचू लागला. एक्स-रे. आहे. रक्तपेढी. आहे. सगळी नावं झाली. माझं आलं नाही. मी विचारलं, माझं? बघतोने मान वर केली आणि अगदी नम्रपणे विचारलं, आपण कोणत्या विभागाच्या?

मी मागे वळून पाहिलं नाही. काचेत दिसलं. दातांतली फट.

शनिवार

आता कळलं. अंदाजाला प्रेम कळत नाही, राग कळत नाही. कोण किती वेळा मागतं तेवढंच कळतं. मी तिला बघायला उघडत होते — तोलायला — पुसायलासुद्धा. प्रत्येक वेळी ती मागणी होती. या इमारतीत तिला माझ्याइतकं कुणीच मागितलं नाही. तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनीसुद्धा नाही.

आणि मला मी एकदाही —

रविवार

बहिणीचा फोन लागला. म्हणते, मी थोरली आहे, मला अक्का नाही. राग नव्हता आवाजात. राँग नंबर म्हणाली.

आरशात आहे मी. पण उशिरा येते. आधी खोली दिसते, मग —

सोमवार

ती फार चांगली आहे. हेच सोसत नाही. मला खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाली, दमलात तुम्ही. मी कधी दमत नाही. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघते. बघितलं की ती आणखी ठळक होते. बघतो तिच्या टेबलापाशी हसत उभा. मला कुणी असं कधी —

चहा आला. एकच कप.

मंगळवार

कार्यभार सोपवायचा आहे. ती म्हणाली, रीतसर करू या, म्हणजे तुम्हाला मोकळं जाता येईल. कुठे, ते विचारलं नाही. टेपच्या कपाटाचं दार उघडं आहे. आतून गार हवा येते.

सोपवलं ते असं:

खोलीच्या किल्ल्या. मिळाल्या म्हणाली.

दाराचं कार्ड. चालत नाही. तरी घेतलं.

मोठं टेबल. खुर्ची. उशी तिचीच.

अंदाज. तो तिच्याकडेच होता.

माझा चष्मा. तो का मागितला कळत नाही. आता अक्षर नीट —

देणाऱ्याचं नाव लिहायचं आहे. थांबा. येतंय. माझं नाव — ती वाट बघतेय, घाई करत नाही, हसते — मी जागा कोरी ठेवते.

शेवटी ही वही. तिला नको आहे. म्हणते, राहू दे, लिहायचं कशाला, माझ्या सगळं लक्षात —