भिजलेल्या वहीचे कलम

मी खाली सही करणारा, वय चौसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, गिऱ्हाइकांत खळमास्तर म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. अक्षर वाकडे आले आहे ते औषधांमुळे.

मला लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे. केमोने पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि तेवढ्या संधीत बुरशीने फुफ्फुसात घर केले. तिची गाठ रक्तवाहिनीला टेकली आहे. उद्या सकाळी आठ वाजता ती कापून काढणार. मी वाचेन, असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

१. राहते घर मुलगा व सून यांना समसमान. कागदावर दोघांची नावे लागावीत.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. सात महिने माझे पथ्यपाणी तिने सांभाळले. मुलाने फोनवरून सूचना सांभाळल्या.

३. पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा आणि दाभणे धाकट्या भावाला. शिकंजा वडिलांनी त्यालाच दिला होता, असे तो तीस वर्षे ऐकवतो आहे. घेऊन जा बाबा, उचलला तर. शेजारच्या छापखानेवाल्याने नेलेली मोठी कातर भावाने स्वतः मागून आणावी, मी थकलो.

४. <s>हे कलम माझ्या पश्चात सर्वांसमक्ष वाचावे.</s> घरात माती, ओल, जुनी धूळ काही होते का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा मुलाने सुनेच्या खिडकीतल्या कुंड्या सांगितल्या. घरी येऊन त्या फेकल्या. तिला म्हणाला, “तुझ्या हौसेपायी बाबा चाललेत.” मी शेजारी बसलो होतो. चकार शब्द काढला नाही.

खरे असे की, दुसऱ्या केमोनंतर सून औषधे आणायला गेली असता एक जुने गिऱ्हाईक आपल्या आईच्या हस्ताक्षरातली भिजलेली वही घेऊन आले. मला दुकानात जायची बंदी होती, म्हणून वही घरी आली. आम्हा बांधणीवाल्यांची खोड अशी की कागद आधी हुंगायचा. ओल किती मुरली, चिकटवायची खळ धरेल की नाही, हे वासावरून कळते. मी मास्क उतरवला, पानांत नाक खुपसले, हिरवट पूड फुंकरीने उडवली आणि पुन्हा हुंगले. चाळीस वर्षांत कधी काही झाले नव्हते. सुनेची चाहूल लागताच वही पलंगाखालच्या पेटीत लपवली.

ही बुरशी हवेतही असते, नेमकी कुठून आली ते शपथेवर सांगता येणार नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. पण कुंड्यांच्या जवळही मी कधी गेलो नाही. स्वतःची लाज झाकायला मी त्या पोरीला दोषी ठरू दिले. याची मला आजाराहून जास्त शरम वाटते.

५. वही न उघडता प्लास्टिकमध्ये बंद करून गिऱ्हाइकाला परत द्यावी. त्याचा काही दोष नाही, असे सांगावे.

दुरुस्ती: कलम चारची पहिली ओळ मी खोडली आहे. मेल्यावर वाचायला ठेवणे हा पळपुटेपणा होता. आज दुपारी मुलाला आणि सुनेला समोर बसवून मी ते स्वतः वाचले. मुलाने मान वर केली नाही. सून उठून जवळ आली. “मास्क नाकावर घ्या, बाबा,” एवढेच म्हणाली.

सही: खळमास्तर
साक्षीदार: १. वॉर्डातली परिचारिका. २. छापखानेवाला शेजारी (कातर अजून त्याच्याकडेच).
स्थळ: रुग्णालय, चौथा मजला, एकट्याची खोली. मंगळवार, तारीख चौदा, दुपारचे चार.

सुनेला वाटा असल्याने तिची साक्ष घेता येत नाही. तरी ती इथेच बसून आहे.