तृप्त झाल्याचे सांगण्याच्या नोकरीबाबत

प्रति,
मा. भत्ता अधिकारी,
रोजगार व भत्ता कक्ष, मैसूर.

विषय : बंद केलेला बेकारभत्ता, काम सोडण्याचे कारण योग्य धरून, पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, 'अर्जदाराने सबळ कारणाविना काम सोडले'.

महोदय,

१. अर्जदार रघूत्तम, वय ३४, हेब्बाळच्या एका कारखान्यात नऊ वर्षे स्टोअर सांभाळत होता. विभागप्रमुख श्री. कृष्णमूर्ती यांनी एका शनिवारी त्याला कॉफी पाजली आणि सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितले. त्यानंतर घरची चूल आपल्या भत्त्यावर पेटत होती, हे अर्जदार विसरलेला नाही.

२. पुढे आपल्याच कक्षाने 'आतिथ्य व खानपान' या सदराखाली त्यास शकुंतलाबाईंच्या श्राद्धसेवेत धाडले. काम असे, की श्राद्धाच्या घरी पितरांच्या जागी पाटावर बसायचे, यजमानाकडून पाय धुऊन घ्यायचे, मुकाट जेवायचे आणि 'तृप्त झालात का?' असे विचारल्यावर 'झालो' म्हणायचे. अर्जदार आळशी नाही. अकरा दिवसांत त्याने आठ आजोबा, दोन काका आणि येलवालचे एक निवृत्त तहसीलदार यांची जागा भरून काढली. वडे पचेनात, तरी काम सोडण्याच्या मान्य कारणांच्या आपल्या यादीतले 'आजार' हे कारण त्याने पुढे केले नाही.

३. बाराव्या दिवशी पाय धुवायला जे वाकले, ते श्री. कृष्णमूर्ती निघाले. श्राद्ध त्यांच्या वडिलांचे होते. पाटावर कोण येणार हे त्यांना ठाऊक नव्हते आणि घर कोणाचे हे अर्जदारास. त्यांनी पाय अगदी टाचेपर्यंत नीट धुतले. जेवणही उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटी त्यांनी हात जोडून विचारले, तेव्हा अर्जदाराने 'झालो' म्हटले नाही. दुसऱ्यांदा विचारले, तरी तेच. तिसऱ्यांदा ते हळूच म्हणाले, "रघू, बेजार करून घेऊ नको, मनाला लावून घेऊ नको रे. अप्पांसाठी तरी म्हण."

अर्जदार म्हणाला, "अप्पा झाले असतील, सर. मी नाही."

४. परंतु पाटावरचा तृप्त झाल्याखेरीज घरचे जेवत नाहीत, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या मातोश्री नागरत्नाबाई, वय ८६, सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून अर्जदाराने 'तृप्त झालो' असे म्हटले. ते साफ खोटे होते. ज्याने पोटावर पाय दिला त्यालाच आशीर्वाद देऊन आलो, याची त्याला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी त्याने काम सोडले.

५. आपल्या यादीत अंतर, आजार, रात्रपाळी, छळ अशी नऊ कारणे आहेत. हे त्यांपैकी कशातच बसत नाही, तरी दहावे म्हणून लिहून घ्यावे.

६. खिडकीवरच्या सुष्मा मॅडम म्हणाल्या की, सोबतच्या फॉर्मवर सही केल्यास भत्ता उद्याच सुरू होईल. सहीच्या वर 'माझे पूर्ण समाधान झाले असून कोणतीही तक्रार उरलेली नाही' असे छापलेले आहे. अर्जदारास भत्त्याची फार गरज आहे. सही केलेली नाही.

आपला नम्र आणि अद्याप बेकार,
एस. के. रघूत्तम
मैसूर, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) या अर्जाची कानडी प्रत
३) सदर फॉर्म, कोरा