डावीकडे वीस क्लिक

२ सप्टेंबर

आली! खोकं दारातच फोडलं, चपला काढायच्या आधी. लेक टिटवी तर हात लावायलाच घाबरत होती. एकोणीस वर्षांची घोडी, पण जन्मल्यापासून जी ओरडायची सवय – रायफल बघून अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या.

हवेची रायफल, दहा मीटरची. आजवर क्लबाच्या घासून गुळगुळीत झालेल्या रायफलीवर खेळली. आता स्वतःची. निवड चाचणी अकरा ऑक्टोबरला. पहिल्या चौघींना शिबिराला घेणार. पुढच्या वर्षी वयोगट बदलतो, म्हणजे हीच संधी.

हे म्हणाले, "अगं, रायफल तिला घेतलीय की तुला?" म्हणू देत. बावीस वर्षं कारखान्याच्या मापखात्यात काढलीत. नवं यंत्र आलं की आधी ते माझ्या हाताखालून जातं. हेही जाणार.

४ सप्टेंबर

सोबत एक कागद आलाय – पाच छर्रे, एकच भोक. कंपनीने मारून दाखवलेले. कागदावर काय, कुणीही छापेल!

७ सप्टेंबर

सुट्टी. साहेबांना विचारून मापखात्यामागची लांब खोली घेतली. टोकाला चिंध्या भरलेली पेटी, तिच्यावर लक्ष्याचा कागद. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, धरली, दस्त्याला लाकडी ठोकळे लावून. माझ्या डोळ्याने नेम धरायची साइट मधोमध लावली, आवळली, पाच छर्रे. शर्टाच्या बटणाएवढा पसारा. नऊ मिलिमीटर! या रायफलीला हे शोभत नाही.

दस्ता सोडवला. पुढचा स्क्रू गच्च, मागचा नुसता टेकवलेला. नळी पिळवटून बसली होती बिचारी. दोन्ही टॉर्क पान्याने सारखे आवळले. सात मिलिमीटर.

नळीतून नमद्याचे बोळे ओढले. पहिले चार काळेकुट्ट, सातवा पांढरा. मग पाच डब्यांतले छर्रे मायक्रोमीटरखाली घातले. एका डब्यातले सगळे सारखे निघाले, बाकीच्यांत सासू-सुनेइतका फरक. त्या एका डब्याचे पाच मारले.

एक भोक. कागदाच्या मधोमध. छर्र्याहून मिलिमीटरभर मोठं, बस.

साइटच्या चाकावर टिटवीच्या पांढऱ्या नेलपेंटने खूण केली. हा आपला शून्य. हे चाक एक क्लिक फिरवलं की छर्रा पाव मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतो – पाच क्लिकला एक मिलिमीटर, मोजून घेतलं. खूप दिवसांनी स्वतःवर खूश होऊन घरी आले.

१० सप्टेंबर

क्लबात पहिल्यांदा तिच्या हातात दिली. तिने मारलेला प्रत्येक कागद मी घरी आलेखाच्या कागदावर उतरवून घेते. छान चाललंय. एवढंच की थोडं उजवीकडे आहे सगळं. नवी रायफल, खांद्याला बसायला वेळ लागेल.

१४ सप्टेंबर

उजवीकडेच. रोज थोडं जास्त. मास्तर – क्लबाचे कोच – पोरीला चिडवत होते, "नाचता येईना अंगण वाकडं!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, माझ्या पोरीला नाचता येतं. अंगणच बघावं लागेल.

डावीकडे ३ क्लिक. लगेच दहा-दहा-दहा.

१५ सप्टेंबर

काल जरा जास्तच बोलले मास्तरांना. पण मला ते सहन होत नाही, माणसावर आधी बोट ठेवणं. नोकरीच्या पहिल्या वर्षी चाळीस शाफ्ट नापास झाले होते. "नवी बाई, वाचता येत नाही माप" म्हणून सगळ्या खात्यासमोर मला उभं केलं. तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी म्हातारा फोरमन आला, त्याने माप घ्यायचं गेज तपासलं. गेजच झिजलेलं! जाताना म्हणाला, "पोरी, आधी यंत्राला विचारावं, मग माणसाला." तेव्हापासून तेच करत आलेय. खात्यात माझ्या हाताखालच्या एकाही पोराला मी आधी दोष दिलेला नाही.

१९ सप्टेंबर

पुन्हा उजवीकडे! म्हणजे साइट बसल्या जागेवरून सरकतेय. रायफलीच्या पट्टीवरची तिची पकड ढिली असणार. काढली, पुसली, पातळ पत्रा घालून पुन्हा आवळली. डावीकडे ४ क्लिक.

टिटवी म्हणे, "आई, पुढची रिंग अंड्यासारखी दिसते गं." नळीच्या टोकाची, लक्ष्य जिच्यातून दिसतं ती रिंग काढून मापली. उभी-आडवी सारखी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. तरी म्हटलं असेल बाई, पोर म्हणतेय. मास्तरांकडून जरा मोठी रिंग आणून बसवली. "आता?" "आता बरं वाटतंय." झालं तर!

२३ सप्टेंबर

हे रात्री जेवताना म्हणाले, "तिचा चष्म्याचा नंबर बघून घ्यायचा का?"

मी म्हटलं, सहा महिन्यांपूर्वीच बघितलाय, आणि आता चाचणीच्या तोंडावर चष्मा बदलला तर नेमबाजीची काच बदलेल, मान बदलेल, गालाची टेकण बदलेल, सगळी मांडणी पहिल्यापासून! तुम्हाला यातलं काही कळतं का? यांनी ताटातलं संपवलं. टिटवी आपला जाड काचांचा चष्मा पुसत बसली.

२५ सप्टेंबर

२ क्लिक, डावीकडे. थोडं कमी झालंय वाटतं. पत्र्याने काम केलं!

२८ सप्टेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. क्लबातून निघताना मी बाकावर बसून कागद उतरवत होते. टिटवी वाकून बघायला आली, नेमबाजीचा चष्मा तसाच डोळ्यांवर, डाव्या काचेवर डोळा झाकायची पट्टी. म्हणते, "आई, तुझा हा आलेखाचा कागद वाकडा छापलाय. मधल्या रेघा बघ, पोट आल्यासारख्या."

तिला म्हटलं, माझ्या कागदाला नाव ठेवतेस? पिशवीतली पोलादी पट्टी काढली, रेघेवर ठेवली. सरळ! दुसरी रेघ. सरळ! "आता बोल!" तिने चष्मा काढला, पुन्हा बघितलं. "हो गं. मला वाटलं..." आणि हसली. मास्तरही हसले. म्हणाले, "ताई, तुम्ही पट्टी घेऊन फिरता?" मग काय लाटणं घेऊन फिरू?

३० सप्टेंबर

५ क्लिक.

एका दिवसात पाच. नुसतं सरकत नाहीये, पसरतही आहे. छर्र्यांचा डबा बदलला. नळी पुन्हा पुसली. रायफलीच्या पेटीतला स्पंज कापून साइटसाठी वेगळा कप्पा केला, नेता-आणताना धक्का नको. आता करायचं काय उरलंय?

मास्तर म्हणाले, "एकदा पुन्हा व्हाइसमध्ये धरून बघा ना, ताई. मग कळेल रायफल की पोर."

पोर! पुन्हा पोरच! मी म्हटलं, चाचणीला अकरा दिवस आहेत, आता दस्ता आवळला-सोडवला तर बसलेलं सगळं हलेल. चालत्या गाडीला खीळ घालू नका. खरं तेच होतं. त्यातलं अर्धं तरी.

३ ऑक्टोबर

टिटवी रात्री डोकं दुखतं म्हणाली. ताण आलाय पोरीला. केसांना तेल लावून दिलं. मांडीवर डोकं ठेवून पडली, बऱ्याच वर्षांनी. म्हणाली, "आई, मला नाही जमलं तर?" मी म्हटलं, तुला न जमायला काय झालं? जे वाकडं होईल ते सरळ करायला मी बसलेय ना!

६ ऑक्टोबर

डावीकडे ६. आता बघायलाही नको वाटतं. तिने तीन छर्रे मारायचे, मी चाक फिरवायचं, पुन्हा तीन. मी काही विचारत नाही. शेवटच्या वीस फैरी उत्तम गेल्या. अशीच राहू दे पाच दिवस, हात जोडते.

११ ऑक्टोबर

तिसरी!! तिसरी आली!

साठ फैरी. मी मागे खुर्चीची कड धरून बसले होते, नखं उमटलीत लाकडावर. अधूनमधून एखादा छर्रा भलतीकडेच गेला, पण सावरलं. निकाल लागला तेव्हा ही बया अशी ओरडली की पंचांनी कानांवर हात ठेवले. मास्तर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "निम्मं यश तुमच्या पान्याचं, ताई."

मीही मान डोलावली. लाज कशाला? खरंच होतं.

शिबिराला जायच्या आधी वैद्यकीय तपासणीचे कागद भरायचेत. छाती, रक्त, डोळे.

१९ ऑक्टोबर

सुट्टी. आता वेळ आहे, म्हटलं शिबिराच्या आधी साइट कायमची पिनने पक्की करून टाकू. आधी किती सरकतेय ते बघायला रायफल व्हाइसमध्ये धरली. तीच खोली, तीच पेटी, तेच ठोकळे. माझ्या डोळ्याने साइट मधोमध. पाच छर्रे.

एक भोक. मधापासून चार मिलिमीटर डावीकडे.

अर्ध्या तासाने पुन्हा पाच. मग रायफल उचलून, तिच्या पेटीत घालून, हलवून, पुन्हा धरून पाच. तिथेच. केसभर हललेली नाही. मी जिथे पाठवली तिथे ती इमानाने जात होती.

चाक उलटं फिरवायला घेतलं. मोजत गेले. वीस. नेलपेंटची खूण खुणेवर आली. पाच छर्रे. एक भोक, मधोमध. सात सप्टेंबरचा कागद त्यावर ठेवला – भोकावर भोक.

रायफलीला काही झालेलंच नव्हतं. एक दिवसही नाही.

स्टुलावर बसले. मग ही वही पहिल्यापासून वाचली. ३, ४, २, ५, ६. यंत्राला विचारून झालं. महिनाभर विचारत होते, वेड्यासारखी. माणसाला कुठे विचारलं?

घरी आले तर ती गॅसपाशी दूध तापवत होती. आलेखाचा कागद तिच्यासमोर धरला. म्हटलं, डावा डोळा हाताने झाक. झाकला. म्हटलं, काय दिसतं?

दूध उतू गेलं, दोघींपैकी कुणी गॅस बंद केला नाही. मग ती म्हणाली, "मधे काही दिसत नाही आता. कडेच्या रेघा आहेत, वाकड्या. पण तू पट्टी लावून दाखवलं होतंस ना, आई. सरळ आहेत म्हणून."

हे बाहेरून सगळं ऐकत होते. आत आले, गॅस बंद केला. मला चार शब्द सुनवायला हवे होते त्यांनी.

२१ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून टिटवीपुढे धरला. चौकटी छापलेला, मधे एक ठिपका. माझ्याच कागदासारखा.

उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त-पाणी झिरपत होतं, मधोमध. चष्म्याचा तिच्याइतका मोठा नंबर असला की होतं कधी कधी. आता तिथे व्रण धरलाय. इंजेक्शनं देणार. पुढचं थांबेल, गेलेलं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारलं.

"नेमकं कधीपासून?" टिटवीला सांगता येईना. मी पिशवीतून ही वही काढून दिली.

त्यांनी तारखा उतरवून घेतल्या. मग चौदा सप्टेंबरवर बोट ठेवलं. "या दिवशी आणलं असतंत तर..."

टिटवी पटकन म्हणाली, "नाही हो, त्या दिवशी आईनं दुरुस्त करून दिलं होतं."