सर्वानुमते मंजूर

१४ सप्टेंबर, रविवार

झाली एकदाची सोसायटीची वार्षिक सभा. बत्तीस फ्लॅट, हजर एकोणीस, त्यातले निम्मे कचोरीसाठी. मनोजने पार्किंगवरून यथेच्छ तोंडसुख घेतलं. कमिटीत ये म्हटलं की "बाई, वेळ कुठंय?" आणि तक्रारीला मात्र तासभर उभा!

शेवटी रहेमानभाई उठले. "अकरा वर्षं अध्यक्ष आहे. आता बस. राजीनामा घ्या." कारण काय, तर "उमर झाली." सगळे एका सुरात नाही म्हणाले. मनोजसुद्धा. मला भरूनच आलं. हा माणूस एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रातून रिटायर झाला तो थेट आमच्या टाकीवर रुजू झाला. रोज सहाला खाली उतरून व्हॉल्व्ह फिरवतात, आधी ए विंग, मग बी. पाइपला कान लावून. हल्ली तर डोळेही मिटून घेतात. पाइप काय सांगतो, असं मी चिडवते, तर म्हणतात, "सांगतो ना. तुम्ही ऐकत नाही."

हजेरीवर सही करताना परत तेच – "कुठे? बोट ठेवा." वर्षभरात ही साहेबी फार वाढलीय. वाचा तरी, म्हटलं. "तुम्ही लिहिलंय ना? मग झालं."

१५ सप्टेंबर, सोमवार

सभेचं इतिवृत्त लिहून संध्याकाळी बोर्डावर लावलं. सात ठराव. मान गेली कामातून. सचिवाला कोणी थँक्यू म्हणत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मेले मी.

आमची खजिनदार तेजल धावत वर आली, मोबाइलवर बोर्डाचा फोटो. ठराव सातवा – अध्यक्षांचा राजीनामा सर्वानुमते मंजूर. मंजूर! अकरा वर्षं प्रत्येक ठरावाखाली तेच दोन शब्द लिहितेय. कचऱ्याचे डबे – सर्वानुमते मंजूर. लिफ्टचा आरसा – सर्वानुमते मंजूर. हात आपला गेला पुढे.

कागद काढून आणला. पण आज सकाळी व्हॉल्व्ह फिरलाच नव्हता. बी विंग कोरडी. म्हणजे वाचलं त्यांनी.

१७ सप्टेंबर, बुधवार

भाईंच्या घरी गेले. दारात आबिदाभाभी. "परवापासून धड जेवले नाहीत. कोणाला भेटायचं नाही म्हणतात." भाभींचे डोळे सुजलेले. एरवी चहाशिवाय न सोडणारी बाई, आज आत या म्हणाली नाही.

तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या. स्वतःचा एक शब्द तपासायला काय झालं होतं? घरी येऊन रडले. मला सख्खा भाऊ नाही. आहे तो हाच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

व्हॉल्व्हचं एवढं काय, म्हणत मनोज उतरला. दोन्ही विंग कोरड्या, पार्किंगमध्ये तळं, आणि तळ्यात याचीच गाडी. संध्याकाळी दारात येऊन उभा. "बाई, काहीही करा. भाईंना खाली आणा." हसू आलं, पण हसले नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुरुस्त कागद घेऊन गेले. आज भाभींनी आत घेतलं. भाई खिडकीशी बसलेले.

"चुकलं माझं, भाई. ती नोटीस –"

"कुठली नोटीस?"

मला वाटलं, टोमणा मारतायत. टोमणा नव्हता. सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. वर्ष झालं, त्यांना अक्षर लागत नाही. भाभींनाही बोलले नव्हते. "न वाचता सह्या करणारा अध्यक्ष तुम्हाला कशाला? म्हणून राजीनामा दिला."

मी सातवा ठराव मोठ्याने वाचला. आधी चुकलेला, मग दुरुस्त केलेला – राजीनामा सर्वानुमते नामंजूर. भाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग हात पुढे केला.

"पेन द्या. बोट ठेवा."

ठेवलं.