सहा इंची पुली

चाचा, हे लिहायचं मी किती दिवस टाळतोय ते सांगायलाही लाज वाटते. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मयतीलाही आलो नव्हतो. तेव्हा मी मांजरी गावात रसवंतीच्या चरकांची कामं करत होतो. बसने तासाभराचं अंतर, पण आलो नाही. मग वाटलं, निदान दोन ओळी लिहू. त्यासाठी वही आणली, आणि तिच्यात भलत्याच गोष्टी लिहिल्या गेल्या, कुठल्या गाडीला कुठला टायर बसतो वगैरे. तुम्ही म्हणायचात, 'याला पाना आणायला पाठवा, हा वाटेत लग्न जेवून येईल.' आज लिहितोय कारण दुसरं काही करण्यासारखं हातात उरलेलं नाही. धायरीत एका पिठाच्या गिरणीत पोत्यावर बसलोय. दुपारचे अडीच वाजलेत. गिरणी बंद आहे आणि ती मी बंद पाडली आहे.

गिरणी एका काकूंची. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. सगळी आळी त्यांना घाबरते, कारण दळण उशिरा न्यायला आलात तर 'या, तुमचं पीठ म्हातारं झालं' असं ऐकावं लागतं. मी शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आलो आणि तुमच्याकडे गिरण्यांची कामं शिकलोय म्हटल्यावर त्यांनी मला डोक्यावर घेतलं. म्हणाल्या, 'अरे, आजूबाजूला एवढे टॉवर झाले, लोकांना दहा मिनिटं थांबवत नाही. मोबाइलवर तयार पिठाची पिशवी मागवतात. जरा पळव की हिला.' मी मोटरची पाच इंची पुली काढली, सहाची बसवली. जुनी त्याच दिवशी भंगारात दिली, एवढी खात्री होती मला. चार दिवस गिरणी अशी पळाली की काकूंनी मला शेवयांची खीर करून घातली.

तुमच्या भवानी पेठेतल्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आयटीआयचं एक वर्ष करून सोडलेलं. पहिले तीन आठवडे तुम्ही मला फिरत्या पट्ट्याजवळ फिरकू दिलं नाही. मग ईद आली. सगळ्यांना कुडते, आणि मला दोन शर्ट, दोन्ही अर्ध्या बाह्यांचे. मी तोंड पाडलं, तर तुम्ही डाव्या हाताचं अर्धंच उरलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलंत. 'हे पूर्ण बाहीने नेलं. आता ये जवळ.' त्या आठवड्यात आपण एका दळण-कांडपाच्या गिरणीत गेलो. तुम्ही आधी पट्टा उतरवता, दगड हाताने फिरवून बघता, मालकाला विचारता, किती माल, किती वेळात. मग गिरणीच्या झाकणावर बसलेल्या पिठात बोटाने हिशेब मांडता. मी बाजूला उभा आहे, मला शिंका येतायत. तुम्ही म्हणताय, 'पट्ट्याची एक बाजू ताणलेली, एक सैल. दोघींच्या ओढीतला फरक तेवढाच कामाचा. बाकीची ओढ बेअरिंगच्या बोकांडी बसते.' मोटर दहा हॉर्सपॉवरची, मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्या, पुली पाच इंची. फरक आला ऐंशी किलोच्या आसपास. 'म्हणजे एक खातापिता माणूस दिवसभर पट्ट्याला लटकलाय, बघ.' तेव्हापासून कुठलाही पट्टा चालू दिसला की मला तो माणूस दिसतो. त्याला मिशाही आहेत.

आणि त्याच दिवशीची तुमची बोलणी. मोटरची पुली पाचाची, दगडाची दहाची. मी शहाणपणा करून म्हणालो, मोटरची मोठी केली तर दगड जास्त फिरेल, मालक खूश. तुम्ही हात झटकलेत. 'फेऱ्या वाढवल्यास, मग जोर कुठून आणणार? सासुरवाडीहून? बेटा, पॉवर मोटरच्या पोटात असेल तेवढीच. पुली फक्त वाटणी बदलते. फेऱ्या निम्म्या केल्या की टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दुप्पट. फेऱ्या वाढवल्या की टॉर्क गेला.' सगळे हसले. मला एवढा राग आला की दुसऱ्या दिवशी मी आलोच नाही, वारज्याच्या एका गॅरेजात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा तुम्ही चहाचा एक कप जास्त सांगितलात.

एवढं ऐकूनही मी तेच केलं. इथेही मोटर दहा हॉर्सपॉवरची, दगडाची पुली दहाची. फेऱ्यांचा हिशेब मी अगदी बरोबर मांडला, सातशे वीसच्या आठशे चौसष्ट. जोराचा मांडलाच नाही. पाच इंचीवर दगडाला शंभर न्यूटन मीटर टॉर्क मिळत होता, सहावर त्र्याऐंशी. गहू तोच, दगड तोच, त्याला शंभरच हवेत. मग ते उरलेले सतरा मोटरने स्वतःला तापवून दिले. पाचव्या दिवशी पट्टा घसरायला लागला, रबराचा वास सुटला. पकड यावी म्हणून मी त्यावर राळ टाकली. तापलेल्या माणसाला पावडर लावणं म्हणायचात तुम्ही त्याला. तरी घसरला, म्हणून पट्टा आवळला. मग मोटर जळाली. रिवाइंडिंगवाल्याने तारा नव्या भरून दिल्या, मी तीच पुली लावून आणखी आवळला, आणि तीन दिवसांत मोटर पुन्हा जळाली. या वेळी दगडाच्या बेअरिंगची बैठकही तडकली. एवढ्या जुन्या गिरणीची बैठक आता कुणी ओतत नाही. मी वारज्यापासून तुमच्या पेठेपर्यंत सगळीकडे विचारून आलो. एकाने तर मोबाइलवरचा फोटो बघून विचारलं, 'हे कुठल्या संग्रहालयात आहे?'

काकूंनी सगळा दोष रिवाइंडिंगवाल्यावर टाकला. माझ्यासमोर त्याला म्हणाल्या, 'तार भरलीत की लोकर? पुन्हा माझी पायरी चढू नका.' तो माणूस तुमच्याच वयाचा असेल, तुम्ही असतात तर. तो म्हणाला, 'ताई, जन्म गेला मोटरी भरण्यात.' त्याने माझ्याकडे बघितलं. मी पट्टा पुसत होतो. दळणाला येईल त्याला काकू ही गोष्ट सांगतात, आणि परवा समोरच्या कांडपवाल्याने आपली मोटर त्याच्याकडून उचलून दुसरीकडे नेली. चार वाजता गिरणी काढून न्यायला माणसं येणार आहेत. काकूंचा मुलगा जागा कुरिअरवाल्यांना देतोय. काकू सकाळपासून दगड पुसतायत, नेणाऱ्यांना स्वच्छ मिळावा म्हणून. दोनदा मी तोंड उघडलं. एकदा पाणी मागितलं. एकदा विचारलं, पंखा लावू का.

चाचा, आत्ता दारात स्कूटर थांबली. मला वाटलं, नेणारे लवकर आले. पण तो रिवाइंडिंगवाला आहे, एकटाच, पायरीच्या खाली उभा. हातात जळलेल्या तारांचा गुंडाळा. म्हणतोय, 'ताई, भांडायला नाही आलो. हे बघा, तिन्ही फेजच्या तारा सारख्या काळ्या पडल्यात. भरण्यात चूक असती तर एखादी गोरी राहिली असती. हिच्यावर लोड जास्त पडलाय. मशीनमध्ये कुणी काही बदललं होतं का?' काकू फडकं पिळत म्हणतात, 'नाही हो, आमचा हा बघतो सगळं. चाचांच्या हाताखाली तयार झालेला आहे.'

दोघंही माझ्याकडे बघतायत. मी मान खाली घालून लिहितोय, कारण पेन ठेवलं तर बोलावं लागेल.