जिताड्याचं डोकं

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

मासा आज सोळा किलोचा झाला!

गेल्या महिन्यात चौदाचा होता. सत्त्याण्णव साली रेवदंड्याच्या खाडीतून ह्यांनी जिताडा आणला तेव्हा तो आठ किलोच्या वर नव्हता. मला विचारा, मी चिरलाय तो! विळीवर मावेना म्हणून शेजारून कोयता मागून आणला होता. पण मला विचारतो कोण? दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये सभा भरते, मी चहा द्यायचा आणि हं हं करायचं.

सभेला तिघं. हे, सदूभाऊ आणि मुकेशभाई. सदूभाऊ ह्यांच्याच कारखान्यातले, रिटायर होऊन वांगणीला गावी राहतात. मुकेशभाईंचं उल्हासनगरला पडद्यांच्या कापडाचं दुकान, आता मुलगा बघतो. पूर्वी शनिवार आला की ही मंडळी गळ-दोऱ्या घेऊन समुद्र गाठायची. उरण, अलिबाग, रेवदंडा. निघताना "कुठे चाललात" असं विचारायचं नाही. विचारलं की मासा लागत नाही म्हणे! मी आपली दार लावून घ्यायची.

मुकेशभाई आज म्हणाले, "भाभी, क्या मछली थी! दरवाजे इतकी लंबी!" सदूभाऊ म्हणाले, "दरवाजा कसला, फाटक म्हण फाटक."

एक फोटो होता. एकोणीस सालच्या पुरात मांजर्लीत आमच्या घरात छातीपर्यंत पाणी आलं, त्यात अल्बम गेला. तेव्हापासून मासा वाढायला लागलाय.

२४ नोव्हेंबर

कालचं एक राहिलं. डोक्याचं.

ह्यांचा नियम होता — जो जाळी धरेल, डोकं त्याचं. गळ कुणाचाही असो. मोठा मासा नुसत्या दोरीवर वर येत नाही, पाण्याजवळ उतरून कुणीतरी त्याच्याखाली जाळी घालावी लागते. ह्यांची जाळी कायम शंकरभाऊंनी धरली, तेव्हाच्या चौकडीतले चौथे. म्हणून माझ्या ओट्यावर इतके जिताडे आले, पण डोकं मी कधी चाखलं नाही! मी साफ करून द्यायची आणि हे डबा विठ्ठलवाडीला शंकरभाऊंकडे पोचता करायचे. त्यांची बायको चांगुणा मला भेटली की म्हणायची, "शीला, डोक्याचा रस्सा काय लागतो म्हणून सांगू!" नको सांगूस बाई. माझ्या वाट्याला शेपटी.

शंकरभाऊ करोनात गेले. त्यानंतर हे खाडीवर गेले नाहीत. मग दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात जवळजवळ गेलाच, उजवा पाय ओढत चालतात. डॉक्टर म्हणतात फिरा, हात वापरा. हे खुर्चीत बसून सत्त्याण्णव सालात फिरून येतात.

मला त्या गोष्टीचा कंटाळा नाही. हजारदा ऐकेन. मला भीती वाटते ती वेगळीच — की ह्या माणसाच्या आयुष्यात आता नवीन काही घडणारच नाही. तोंडावर कसं बोलणार? इथे लिहिते.

२६ नोव्हेंबर

"एकदा जाऊन तर या रेवदंड्याला." — "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सभेसमोरच विषय काढला. सदूभाऊ लगेच तयार. मुकेशभाई म्हणाले, गाडी माझी, डिझेल माझं, पान माझं. ह्यांनी नकाराची मान हलवली. मग म्हणाले, "जाळी कोण धरणार? सदूचे गुडघे गेले. ह्याचं पोट बघ, हा वाकला तर उठणार नाही."

मुकेशभाई हसले. पण खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, जाळी शंकरभाऊंची.

ती मंडळी गेल्यावर मी स्टूल लावून माळ्यावरून जाळी काढली. लांब दांड्याची, शंकरभाऊंची. माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. पण उंदरांनी मोठी भोकं पाडलीत. गॅलरीत बसून नायलॉनच्या दोऱ्यानं शिवायला घेतली — मला काय येतंय! चादरीला घालतात तसे टाके घालत सुटले.

हे आतून बघत होते. थोडा वेळ सहन केलं. मग पाय ओढत बाहेर आले.

"गोधडी शिवतेस काय? अशानं मासा हसेल."

"मग दाखवा."

डाव्या हातानं दाखवायला लागले. दोऱ्याचं एक टोक दातात, एक बोटात. गाठ सुटायची, चिडायचे, परत घालायचे. मी दुसरं टोक धरलं. जेवायची वेळ टळून गेली. भाकऱ्या गार! पण भोकं बुजली.

मग मी म्हणाले, "जाळी मी धरते."

"तू? तू बादलीतल्या पाण्याला घाबरतेस."

घाबरते. पुरानंतर खूपच. पण म्हटलं, "बघू."

एवढे हसले! किती दिवसांनी.

४ डिसेंबर, गुरुवार

पौर्णिमा. संध्याकाळी विहारात वंदनेला दोघं गेलो. येताना हे चंद्राकडे बघत बोटं मोजायला लागले. मला वाटलं, पौर्णिमेचं दान मोजतायत. कसलं काय!

"रविवारी चौदाला दशमी. तिथीची पाऊणपट — साडेसात. सकाळी साडेसातला भरती पुरी. उजाडताना खाडीवर पाहिजे."

आमच्या घरात तिथी लागते ती पौर्णिमेपुरती आणि माशापुरती.

म्हणजे जायचं! मी काही बोलले नाही. "कुठे" विचारायचं नसतं ना.

६ डिसेंबर

विहारातल्या बायकांबरोबर चैत्यभूमीला जाऊन आले. पाय आहेत की नाहीत कळत नाही. झोपते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मुकेशभाईंचा फोन. रविवारी नातवाचं मुंडण निघालंय, पुढच्या रविवारी जाऊ. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "राहू दे मग, कशाला," म्हणाले. मी फोन हातातून घेऊन सांगितलं, "एकवीस तारीख पक्की. भल्या पहाटे. पान आणा."

२१ डिसेंबर, रविवार

दंड भरून आलाय, अक्षर येणार नाही. पण आजच लिहिणार!

पहाटे निघताना वरच्या मजल्यावरची करिष्मा दूध घ्यायला खाली आली. "अय्या काकू, कुठे चाललात?"

संपलं! सदूभाऊ गाडीतून उतरलेच. "आता काय जायाचा? इचारला ना तिनं!" मी म्हटलं, तिनं मला विचारलं, तुम्हाला नाही. माझा मासा गेला, तुमचा शाबूत आहे. त्यावर तिघांनी गंभीरपणे विचार केला. मग बसले.

उजाडता उजाडता रेवदंड्याच्या धक्क्यावर पोचलो. आणि खाडीत पाणीच नाही! चिखल. लांब कुठेतरी एक रेघ चमकत होती आणि बगळे चालत होते.

तिघं बघत उभे. मग हे हळूच म्हणाले, "सदू, आज दशमी नाही."

एक आठवडा पुढे ढकलला तो तिथीसकट ढकलला शहाण्यांनी! आज प्रतिपदा. भरती दुपारी पाऊण वाजता. चाळीस वर्षं समुद्र कोळून प्यायलेली माणसं — आणि ओहोटीला येऊन उभी!

मुकेशभाई म्हणाले, "साईं, ॲप में देख लेते." सदूभाऊ म्हणाले, "तुझा ॲप घाल चिखलात."

मी इतकी हसले की धक्क्यावरच बसले. मग सगळेच हसले. चादर अंथरली, सुकट-भाकरी काढली, आणि मासा परत सुरू झाला. पण आज गोष्ट वेगळी लागली. जागेवर होती ना! इथे शंकर उभा होता. ह्या पायरीवर त्याची चप्पल वाहून गेली. घरी येताना एकाच चपलेत आला, आणि चांगुणानं आधी चपलेवरून झापलं, मग मासा बघितला! हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगताना हे रडले. लपवलं नाही. सदूभाऊंनी पाठीवर हात ठेवला आणि मुकेशभाईंनी पान काढून दिलं.

दहाच्या पुढे पाणी चढायला लागलं. सदूभाऊंनी गळाला जिवंत कोळंबी लावून दोरी फेकली आणि ह्यांच्या डाव्या हातात दिली. रॉड नाही, रीळ नाही, नुसती हातदोरी. बोटावरून दोरी घेऊन बसून राहिले. ऊन वर आलं. मला वाटलं, करिष्मानं घात केला बहुतेक.

आणि एकदम हे ताठ झाले. "आहे!"

दोरी सणसण सुटली. सदूभाऊ धावले. हे ओरडले, "हात लावू नको!" एका हातानं दोरी ओढता येत नाही, ओढलेली दुसऱ्या हातात घ्यावी लागते. दुसरा हात कुठाय? मग ह्यांनी काय केलं — तळव्याला टॉवेल गुंडाळला होता, त्यावर दोरीचा एक वेढा घेतला आणि उलटे चालायला लागले. पाय ओढत, धक्क्यावरून मागे मागे. माशानं ओढलं की थांबायचे. सैल सोडलं की परत मागे. मुकेशभाई पाठीमागून वाट मोकळी करत होते, "हटो हटो, भाईसाहब आ रहे हैं!"

"शीला! जाळी!"

मी गेले. कशी गेले माहीत नाही. पायऱ्या शेवाळलेल्या, गुडघ्यापर्यंत पाणी, मग मांडीपर्यंत. पांढरं काहीतरी पाण्यात वळलं. मी जाळी घातली ती शेपटीकडून! सदूभाऊंचा जीव चालला — "डोक्याकडनं गो वहिनी, डोक्याकडनं!" मासा उसळला, तोंडावर पाणी, मी खाली बसले ती पाण्यातच. पण दांडा सोडला नाही. परत घातली, डोक्याकडून. आणि तो आत आला. जड! मी मिठीच मारली जाळीला. पाण्याला घाबरायचं राहूनच गेलं.

वर आणला. जिताडा. खराखुरा. हे धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले होते. तिथून चालत आले. माशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. केसांत शेवाळ, ओढणी गेलेली. डाव्या हातानं माझ्या केसांतलं शेवाळ काढलं.

बाजारात कोळणीच्या काट्यावर घातला. चार किलोला थोडा कमी. इथे लिहून ठेवते, पुढे वाद नकोत.

घरी येऊन लेकीला फोन केला. "किती मोठा गं आई?" — "असेल सहा-सात किलोचा," मी म्हणाले!

२२ डिसेंबर, सोमवार

दुपारी रस्सा केला. चांगुणा आता एकटी, तिला कुठे रांधायला लावू, म्हणून डोकं शिजवून डब्यात भरलं. झाकण लावून ओट्यावर ठेवलं आणि जेवायला बसले. हे उठले. झाकण काढलं, डाव्या हातानं डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलं. निम्मा रस्सा फरशीवर.

"अहो, चांगुणाचं आहे ते!"

"जाळी कुणी धरली?"

तिला मधले तुकडे पाठवते. खरं सांगत होती बाई.