सहा किलोंची प्रगती

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

राजाजीनगर, बंगळूर
गुरुवार, तारीख सोळा

तीर्थरूप दाजींच्या चरणी परशरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे देवाच्या कृपेने मी, पवित्रा आणि रंजिता खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? अक्का फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली दुकानात पाय लांब करून बसता आणि गिऱ्हाइकालाच पोत्यातून डाळ काढून तोलून घ्यायला सांगता. (ती तक्रार म्हणून सांगत होती. मला ते गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बरं वाटलं.) अक्काने बीपीची गोळी चुकवू नये. मी रोज पन्नास माणसांचं बीपी लिहितो, त्यामुळे हे अधिकाराने सांगतो.

पत्र सहज लिहितो आहे. काही काम काढलं असेल असं मनात आणू नये. फोन का केला नाही म्हणाल, तर आमचे फोन सकाळी तुरुंगाच्या दरवाजात जमा होतात, आणि संध्याकाळी घरून केला तर तुम्ही स्पीकर लावून साऱ्या दुकानाला ऐकवता. गेल्या वर्षी तुम्ही आपुलकीनेच विचारलंत की परशराम, अजून जेलातच आहेस का, आणि समोर हळद घ्यायला उभे असलेले गृहस्थ नेमके रंजिताला बघायला येणाऱ्या मुलाचे मामा निघाले. झालं ते झालं. मी जेलात नाही, जेलातल्या दवाखान्यात आहे, आणि तिथेही पेशंट नसून कारकून आहे, एवढं आता गावात कळलं असावं.

माझं काम तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही. तुरुंगात आलेल्या माणसाची आधी झडती होते आणि मग तो माझ्या टेबलासमोर येतो. मी त्याचं आरोग्य कार्ड करतो. नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण, जुने आजार, बीपी, वजन. बाहेर त्याने काय केलं याला माझ्या कार्डात रकाना नाही, त्यामुळे माझ्या कपाटात खुनी, खिसेकापू आणि चुकून धरलेला असे तिघेही सांधेदुखीच्या एकाच गठ्ठ्यात गुण्यागोविंदाने राहतात. (वर चित्रगुप्ताकडे अशीच मांडणी असेल तर पुष्कळांची सोय होईल, असं पूजेला बसल्यावर माझ्या मनात येतं. मग जपाचा आकडा चुकतो.) दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची वजनं घ्यायची आणि कार्डावर चढवायची. अशी दोन हजारांवर कार्डं माझ्या हाताखाली आहेत. माझ्या हाताखाली दुसरं कोणी नाही.

वजनाचा काटा चार वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद पडलेल्या सरकारी दवाखान्यातून आमच्याकडे आला होता. वर उभं राहायचं, खाली गोल तबकडीत काटा फिरतो, तसला. दिसायला शांत. कोणी उभं नसताना बरोबर शून्यावर थांबायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. एकदा मी त्याच्यावर कार्डांचा मोठा गठ्ठा आणि माझा जेवणाचा डबा ठेवला, तर काटा जागचा हलला नाही. सरकारी कागदाला वजन नसतं, असं म्हणून मी डबा उचलून जेवायला गेलो. दाजी, खरं सांगायचं तर मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. यशवंतपूर स्टेशनवरच्या यंत्रावर मी चौसष्ट भरायचो आणि आमच्या काट्यावर अठ्ठावन्न. स्टेशनवरचं यंत्र नाणं घेतं म्हणून मी ते खोटं धरलं, आणि हे सोमवारच्या उपवासाचं फळ आहे अशी स्वतःची समजूत घातली. चार वर्षं दर सोमवारी देवासमोर उभा राहून मी मनातल्या मनात सहा किलो हलका व्हायचो. दर एप्रिलमध्ये वहीत ‘काटा तपासला, ठीक आहे’ असं लिहायचो, आणि खाली सही करायचो.

तीन महिन्यांपूर्वी आम्हाला संगणक मिळाला, आणि त्याला जोडलेला काचेचा नवा काटा. तो बसवायला शार्दूल नावाचा पुण्याचा मुलगा आला. हेब्बाळला कंपनीत आहे, गुणी आहे, पण मराठी बोलायला लागला की दर चौथ्या शब्दाला मला अर्थ विचारावा लागतो. त्याने माझी सगळी कार्डं यंत्रात चढवली. आता कैदी काट्यावर उभा राहिला की वजन आपोआप आत जातं. मागच्यापेक्षा वाढलं तर पडद्यावर हिरवी रेघ, घटलं तर लाल. पहिल्याच महिन्यात संपूर्ण तुरुंग हिरवा झाला. जवळजवळ प्रत्येक जण सहा किलोंनी वाढला होता. जन्मठेपवाला सहा, चोर सहा, स्वयंपाकघरातला चव घेणारा सहा आणि अल्सरमुळे ताकावर असलेलाही सहा. बी बराकीतला एक जण कोर्टाची तारीख मिळत नाही म्हणून उपोषणाला बसला होता. बसला त्या दिवशी त्याचं वजन जुन्या काट्यावर झालं आणि पाचव्या दिवशी नव्यावर. पाच दिवस अन्नाला न शिवता तो चार किलो वाढला. अधीक्षक साहेबांनी त्याला चारचौघांत विचारलं की बाबा, चोरून काय खातोस? बिचाऱ्याने अपमान सहन न होऊन त्याच दुपारी जेवण घेतलं, आणि उपोषण शांततेने मिटवल्याबद्दल दवाखान्याचं नाव अहवालात आलं.

मी शार्दूलला म्हटलं, बाबा रे, एका महिन्यात दोन हजार माणसं सारखी सहा किलो कशी वाढतील? तो म्हणाला, “काका, डेटा एकदम कन्सिस्टंट आहे. असा डेटा मिळत नाही कुठे.”

अहवाल वर गेला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. मग दुसऱ्या जिल्ह्यातले चार अधिकारी आमच्या स्वयंपाकघराचा अभ्यास करायला आले. त्यांनी सांबार ढवळून पाहिलं, डाळ शोधली, आणि अशा सांबारावर माणसं वाढत असतील तर यात काहीतरी पारंपरिक ज्ञान असलं पाहिजे, असं टिपून घेतलं. महिन्याभराने दुसरं पत्र आलं: कैद्यांचं सरासरी वजन अपेक्षेपेक्षा जास्त वाढल्याने भाताचं माप कमी करावं. दोन्ही पत्रांवर सही एकाच साहेबांची. अभिनंदनाचं पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं आहे, दुसरं स्वयंपाकघरात आहे.

इथवर मीही हसत होतो. आता शिवाप्पाचं सांगतो.

शिवाप्पा आपल्याच बाजूचा, अडुसष्ट वर्षांचा. जन्मभर यात्रा-जत्रांत फिरून लाकडी पाळणे उभे केले. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका जत्रेत पाळण्याचा दांडा मोडून दोघं जखमी झाले, तेव्हापासून आत आहे, आणि खटला अजून उभा राहायचा आहे. त्याला टीबी झाला. औषधाबरोबर रोज अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी त्याच्या कार्डावर लिहिली, ती मीच. नियम असा की तीन किलो वजन वाढलं की माणूस सुधारला, आणि आहार बंद. पूर्वी हे डॉक्टर ठरवायच्या, आता यंत्र ठरवतं. शिवाप्पा जुन्या काट्यावर एक्केचाळीस होता, नव्यावर पंचेचाळीस भरला. हिरवी रेघ आली आणि दूध बंद झालं.

तो माझ्याकडे आला, स्टुलावर बसला, आधी खोकून घेतलं. मग म्हणाला, “अण्णा, मी सत्तेचाळीसचा पंचेचाळीस झालोय की वो. तुमचा पयला काटा खोटा बोलत हुता.” मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, पाळण्यात समोरासमोर माणसं बसवायची तर वजन डोळ्यानं कळावं लागतं, चुकलं तर दांडा मोडतो. (मोडला त्या दिवशी तो तापाने पडून होता आणि माणसं दुसऱ्याच कोणी बसवली होती. पण ताप कुठल्या कार्डावर लिहिलेला नाही.) मग त्याने दारात उभ्या शिपायाकडे बघून अठ्ठ्याहत्तर म्हटलं, शिपाई नव्या काट्यावर उभा राहिला आणि अठ्ठ्याहत्तरच भरला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमी चौसष्ट.” मी म्हटलं, अठ्ठावन्न. तो स्वल्प हसला. दाजी, एवढी वर्षं उपवास करून मला जे समजलं नाही ते त्या हसण्यात समजलं.

मी डॉक्टर सुप्रीतांकडे गेलो. त्या आठवड्यातून तीन दिवस येतात, पोरगेलेशा आहेत पण न्यायाच्या आहेत. दोघं मिळून साहेबांकडे गेलो. मी सगळं कबूल करून अर्जच लिहून नेला होता: काटा सहा किलो कमी दाखवायचा, मला शंका होती, मी गप्प राहिलो. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि एप्रिलची वही मागवली. “परशरामप्पा, इथे तुम्हीच लिहिलंय काटा ठीक आहे म्हणून. तेव्हाचे तुम्ही खरे की आजचे?” डॉक्टर म्हणाल्या, एकाच माणसाला दोन्ही काट्यांवर उभं करून बघा. साहेब म्हणाले, त्यात दोघांत एक खोटा आहे एवढंच कळेल, कुठला ते नाही. आणि नवा खोटा निघाला तर तो कोणी विकत घेतला हा प्रश्न निघेल. माणूस वाईट नाही. शेवटी म्हणाले, सरकारी शिक्क्याचं वजन आणा, दोन्ही काट्यांवर माझ्यासमोर ठेवा, दुसऱ्या दिवशी दूध सुरू करतो.

आता शिक्क्याचं वजन आणायचं कुठून? स्वयंपाकघरात एक दहा किलोचं आहे. शिवाप्पाने ते नुसतं हातात धरून नऊ म्हटलं, आणि धान्य पुरवणाऱ्या कंत्राटदाराने ते परत हिसकावून घेतलं. वजनमाप खात्याला पत्र टाकलं, तर दोन महिन्यांनी माणूस पाठवतो असं उत्तर आलं. राजाजीनगरातल्या सगळ्या दुकानांत विजेचे काटे आहेत. लोखंडी वजन मागितलं की आमच्याकडे जुन्या वस्तू बघायला मिळत नाहीत म्हणतात. एक जण नवं विकायला तयार झाला, पण त्यावर शिक्का पुढच्या महिन्यात बसेल. आणि जुना काटा अडगळीत गेला आहे. एकोणतीस तारखेला बुधवारी त्याचा लिलाव आहे. भंगारवाला तो घेऊन गेला की माझ्या अर्जाला काही अर्थ राहणार नाही, चार वर्षांचं खोटं कायमचं खरं होईल, आणि शिवाप्पा कागदावर धडधाकट राहील.

पवित्रा म्हणते, जानेवारीत बढती आहे, एवढ्यात कशाला गुन्हा कबूल करत फिरता. तिचंही बरोबर आहे. पण मी काल देवासमोर उभा राहिलो तर पायांना सहा किलो जास्तीचे जाणवले. असो. रवळनाथ बघून घेईल.

अक्काला माझा नमस्कार सांगावा. लहानांना आशीर्वाद. पत्र लांबलं, क्षमा असावी. काही काम नव्हतंच, सहज मन मोकळं केलं.

आपला आज्ञाधारक,
परशराम

ता. क. तुमच्या दुकानात शिक्क्याचं वीस किलोचं लोखंडी वजन आहे. ते तपासणीच्या कागदासकट गोणपाटात बांधून खानापूरहून सुटणाऱ्या बंगळूर बसच्या कंडक्टरकडे द्यावं. सत्तावीस तारखेच्या सोमवारी सकाळी मला मिळालं पाहिजे. बसस्टँडवर मी स्वतः येईन. बुधवारी परतीच्या गाडीने पाठवतो. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकलं आहे.

ता. क. दुसरा. दाजी, रागावू नये. तुमच्याकडे वीस किलोची दोन वजनं आहेत. खंडेनवमीला तुम्ही दोन्हींना सारखंच कुंकू लावता, पण पूजेच्या आधी ती पाटावर मांडताना मी दोन्ही उचलली आहेत. गिऱ्हाइकासमोर असतं ते नको. गुळाच्या ढेपांमागचं, निरीक्षक येतो त्या दिवशी बाहेर काढता, ते पाठवावं. अक्काला मी कधी बोललो नाही, आणि तुम्हाला बोलायचा अधिकार मला नाही, हे वरच्या पत्रावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. पण ते दोन-चार दिवस तिथे नसेल तेवढ्यात निरीक्षक आला, तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी माझं लिहून दिलं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. आज सकाळी शिवाप्पा नव्या काट्यावर चव्वेचाळीस भरला. वर चढण्याआधीच त्याने मला आकडा सांगितला होता. तेव्हा मंगळवार नको, सोमवारच.